उन्हाळ्यातले मोजे

मार्चचा दुसरा आठवडा होता. सोलापुरात सकाळी दहालाच रस्ता भाजायला लागला होता. सहावीचा संगणकाचा तास. आमच्या शाळेत संगणकाच्या खोलीबाहेर बूट काढून ठेवायचे आणि मगच आत जायचे, असा नियम आहे. सगळी मुले बूट काढून आत पळाली. एक मुलगा मात्र दारातच उभा राहिला. "आत चल बेटा," म्हटले तर मान खाली घालून म्हणाला, "टीचर, मेरा सर दुखरा."

वीस वर्षे वर्गात उभे राहिल्यावर कोणाचे डोके खरेच दुखते आणि कोणाचे नाही, एवढे कळायला लागते. तास संपल्यावर त्याला बाजूला घेतले. हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. त्याच्याकडे मोज्यांची एकच जोडी होती. अम्मी विड्या वळते. दिवसभराचे काम उरकून रात्री मोजे धुते आणि खोलीतल्या दोरीवर टाकते. सकाळी ते ओलसरच असतात, तसेच घालून तो शाळेला येतो. आदल्या आठवड्यात त्याने बूट काढले तेव्हा दोन-तीन मुलांनी नाक धरून "खिडकी खोलो रे" म्हटले होते. तेव्हापासून संगणकाच्या तासाला त्याचे डोके दुखू लागले.

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही आमच्याच कपाटातला मोज्यांचा डबा उपडा केला. सतरा मोजे निघाले, पण जोड्या जुळल्या पाच. त्यातल्या तीन जोड्या निव्वळ नायलॉनच्या, दोघांचे इलास्टिक गेलेले. पोरांच्या शर्टाचे कापड चिमटीत धरून पाहणारे आपण, ओढणीचा रंग जाईल का म्हणून दुकानदाराला चार वेळा विचारणारे आपण, मोजे मात्र "शंभरला तीन" ऐकले की डोळे मिटून घेतो. म्हणून या महिन्यात मोज्यांविषयी लिहायचे ठरवले. विषय छोटा वाटेल, पण त्यात एका मुलाचा तास बुडत होता, आणि आमच्या अम्मींचे बोट जाता जाता राहिले. ती गोष्ट पुढे सांगतोच.

घाम येणारच, तो जाणार कुठे?

उन्हाळ्यात मोजे घालायचेच कशाला, असे कोणी म्हणेल. ज्याला चप्पल चालते त्याने खुशाल चप्पल घालावी. पण शाळेची मुले, बूट घालून कामावर जाणारे पुरुष, रिक्षा-दुचाकीवर ऊन अंगावर घेणारे, परद्यासाठी पाय झाकणाऱ्या आपल्या आया-बहिणी, भेगांमुळे उघडा पाय ठेवता न येणारी म्हातारी माणसे, यांची मोज्यांपासून सुटका नाही.

माणसाच्या अंगावर घामाच्या ग्रंथी सगळीकडे असतात, पण तळहात आणि तळपाय इथे त्या सर्वात दाट असतात. हाताचा घाम वाऱ्याने उडून जातो. पायाचा घाम बुटात कोंडला जातो. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. ओलावा आणि ऊब मिळाली की कातडीवरचे जंतू वाढतात. घाम आणि मेलेली कातडी हे त्यांचे अन्न, आणि त्यातून वास तयार होतो. म्हणजे वास येणारे मूल घाणेरडे नसते, त्याचे पाय फक्त ओले राहिलेले असतात. हे आम्ही वर्गात सांगितले, आणि आई-बापांनाही सांगण्यासारखे आहे. "पाय धूत नाहीस का?" असे ओरडण्याआधी त्याच्या मोज्यांना हात लावून पाहावा.

ओला पाय मऊ पडतो. मऊ कातडी बुटाला घासली की फोड येतो. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की बुरशी धरते, चिखल्या होतात. आपण चिखल्यांना पावसाळ्याचा आजार समजतो, पण बंद बुटात भर एप्रिलमध्येही पावसाळाच असतो.

तेव्हा उन्हाळ्याच्या मोज्याचे काम एकच: पायाचा घाम कातडीवरून उचलायचा आणि जमेल तितका बाहेर जाऊ द्यायचा. रंग, नक्षी आणि कंपनीचे नाव हे सगळे नंतर.

टॉवेलवाल्या गावाला हे समजायला हवे

सोलापूरच्या चादरीला आणि टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. इथल्या माणसाला टॉवेल कसा निवडावा हे शिकवावे लागत नाही. गुळगुळीत, चमकदार टॉवेल अंगावरचे पाणी नुसते इकडचे तिकडे करतो आणि सुती धाग्याचे बारीक फासे असलेला टॉवेल पाणी पिऊन घेतो, हे आपली दादीसुद्धा सांगेल. मोजा म्हणजे पायाचा टॉवेलच. फरक इतकाच की हा टॉवेल दिवसभर पायालाच बांधलेला असतो.

कोणता धागा किती ओल धरतो याची मापे कापडाच्या प्रयोगशाळांत ठरलेली आहेत. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस हवेतून सुमारे साडेआठ ग्रॅम ओलावा घेतो. लोकर सुमारे १६ ग्रॅम, व्हिस्कोस ११ ते १३, नायलॉन सुमारे ४ आणि पॉलिस्टर तर अर्धा ग्रॅमसुद्धा घेत नाही. चमकणाऱ्या पातळ मोज्यात पाय चिपचिप का करतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

मग शंभर टक्के सुती मोजे घ्यावेत, झाले! आम्हीही इतकी वर्षे हेच सांगत होतो. पण त्या मुलाच्या ओल्या मोज्यांनी आमचे हे ज्ञान जरा दुरुस्त केले. सूत घाम पिते खरे, पण प्यायलेला घाम लवकर सोडत नाही. पूर्ण सुती मोजा भिजला की भिजलेलाच राहतो, धुतल्यावर सैल पडतो, टाचेखाली गोळा होतो. आम्ही घरी तीन मोजे एकाच वेळी धुऊन, पिळून, आतल्या खोलीत टांगून पाहिले. पॉलिस्टरचा रात्री झोपायच्या आधीच वाळला. सूत जास्त आणि नायलॉन थोडे अशा मिश्रणाचा फजरपर्यंत वाळला. जाड निव्वळ सुती मोजा सकाळी शाळेला निघतानाही टाचेत ओलाच होता. ज्या घरात एकाला दोनच जोड्या आहेत, ऊन येईल अशी गच्ची नाही, त्या घराला "शंभर टक्के कॉटन" सांगणे म्हणजे मुलाला ओले मोजे घालायला लावणे.

म्हणून रोजच्या वापरासाठी आमचे मत असे झाले आहे: साधारण ७० ते ८० टक्के सूत, बाकी नायलॉन किंवा पॉलिस्टर, आणि दोन ते पाच टक्के ताणणारा धागा. हा ताणणारा धागा वेष्टनावर स्पँडेक्स किंवा इलास्टेन या नावाने लिहिलेला असतो. सूत घाम उचलते, नायलॉन मोजा टिकवते आणि लवकर वाळवते, ताणणारा धागा मोजा जागेवर धरतो.

हल्ली "बांबूचे मोजे" फार खपतात. त्यातले बहुतेक म्हणजे बांबूच्या लगद्यापासून रासायनिक क्रियेने काढलेला व्हिस्कोस धागा. ते मऊ असतात, ओल चांगली घेतात, पण हा धागा ओला झाला की कमजोर होतो. परवडत असतील तर घ्यावेत, पण बांबू म्हणजे काही जादू नव्हे.

खेळाडूंचे पॉलिस्टरचे मोजे ही वेगळी चीज आहे. ते घाम पीत नाहीत, धाग्याच्या अंगाने बाहेर वाहून नेतात. पण बाहेर न्यायला बाहेर तर हवे! जाळीच्या किंवा कॅनव्हासच्या बुटात ते छान काम करतात. रेक्झिनच्या बंद काळ्या बुटात घाम मोज्यातून निघतो आणि बुटाच्या भिंतीला अडकतो. म्हणून मोजे घेण्याआधी बूट कोणता आहे ते पाहावे. रेक्झिनचा बूट असेल तर सूत जास्त असलेला मोजा, आणि शक्य झाले तर दुपारी बदलायला दप्तरात दुसरी जोडी.

आमची बहीण रत्नागिरीला दिलेली आहे. तिला हे सगळे फोनवर सांगितले तर म्हणाली, "तुमच्याकडे दोरीवर टाकलं की वाळतं, आमच्याकडे हवाच ओली." खरे आहे. कोकणातल्या दमट उन्हाळ्यात जाड मोजा वाळतच नाही. तिथे पातळ विणीचे, मिश्र धाग्याचे आणि संख्येने जास्त मोजे हवेत. आमच्या कोरड्या उन्हात थोडा जाड मोजा चालून जातो. एकच सल्ला दोन्ही गावांना लागू पडत नाही.

दुकानात काय पाहावे

रमजानमध्ये विजापूर वेशीच्या मीना बाजारात रात्री मोज्यांचे ढीग लागतात. त्या गर्दीतही दोन मिनिटांत मोजा पारखता येतो.

पहिले, वेष्टनावर धाग्याची टक्केवारी आहे का ते वाचावे. नुसते "कॉटन फील" लिहिले असेल तर ते सूत नव्हे, सुतासारखा भास.

दुसरे, मोज्यात हात घालून पंजा पसरावा. चवड्याच्या वरच्या बाजूला विरळ, जाळीदार वीण असेल तर हवा खेळेल. टाचेला आणि बोटांना मात्र वीण दाट किंवा आतून टॉवेलसारखी फासेदार हवी, कारण घासते तिथेच. अगदी पापुद्र्यासारखा पातळ मोजा थंड असेल असे वाटते, पण त्यात घाम उचलायला कापडच नसते.

तिसरे, मोजा उलटा करून बोटांपाशी असलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवावा. दोरीसारखी उंच शिवण लागली तर तो मोजा ठेवून द्यावा. हीच शिवण दिवसभर करंगळीवर बसते.

चौथे, वरचा पट्टा ताणून सोडावा. तो परत यायला हवा, पण आवळायला नको. संध्याकाळी मोजा काढल्यावर पायावर खोल वळ दिसत असेल तर पट्टा घट्ट आहे.

पाचवे, माप. "फ्री साइज" हा शब्द दुकानदाराच्या सोयीचा आहे. मोज्याची टाच पायाच्या टाचेवरच बसली पाहिजे. मोठा मोजा घेतला तर पोर वाढेल आणि पुरेल, हा हिशेब सलवारीला चालतो, मोज्याला चालत नाही. जास्तीचे कापड बुटात दुमडते आणि दुमडलेल्या जागी फोड येतो.

घरी आणल्यावर शंका वाटलीच तर आतला एखादा सुटा धागा काढून, ताटलीवर धरून, मोठ्या माणसाने जाळून पाहावा. सुताचा धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मऊ राख उरते. नायलॉन-पॉलिस्टर वितळून आकसते आणि थंड झाल्यावर टणक मणी होतो. मिश्रणात दोन्ही दिसते.

आणि नवे मोजे धुतल्याशिवाय घालू नयेत. नवा टॉवेल दोन पाण्यांतून काढल्यावरच पाणी प्यायला लागतो, तसेच मोज्याचेही आहे.

वुजू आणि ओले पाय

आपल्या घरात एक गोष्ट अशी आहे जी मोज्यांच्या इतर सल्ल्यांत कुठेच येत नाही. नमाजी माणूस दिवसातून पाच वेळा वुजू करतो. चामड्याच्या मोज्यांवर मसहची सवलत आहे, पण आपल्या रोजच्या पातळ कापडी मोज्यांवर हनफी घरांत मसह चालत नाही, ते काढून पाय धुवावेच लागतात. (आपापल्या मस्लकप्रमाणे आलिमांना विचारावे, इथे आमचा विषय पायापुरता.) म्हणजे ऑफिसात किंवा दुकानात असलेला माणूस जोहर आणि असरला मोजे काढतो, पाय धुतो, जमात चुकू नये म्हणून घाईत तसाच आत जातो आणि नंतर ओल्या पायावर तेच मोजे चढवतो. जो पाय पाक करायला धुतला, त्याच्या बोटांत बुरशीचे बी आपणच पेरतो.

उपाय सोपा आहे. वुजू करताना बोटांमध्ये करंगळी फिरवून खिलाल करणे सुन्नत आहे, लहानपणी मक्तबमध्ये आपण सगळे हे शिकलो. पुसतानाही तसेच करावे. खिशात एक छोटा सुती रुमाल फक्त पायांसाठी ठेवावा आणि प्रत्येक बोटाची बेचकी कोरडी करूनच मोजा घालावा. पिशवीत एक जादा जोडी असेल तर जोहरनंतर बदलावी. नमाजी माणसाने असा मोजा घ्यावा जो चटकन निघेल आणि चटकन चढेल. घोट्याच्या थोडा वरपर्यंत येणारा, सैलसर पट्ट्याचा मोजा यासाठी बरा.

मस्जिदीत दाटीने सफ लागते, आपल्या पायामागे दुसऱ्याचा सजदा असतो. तेव्हा सकाळचे घामट मोजे बाहेर काढून ठेवणे आणि पाय धुऊन आत जाणे, यात शेजाऱ्याचा हक्कही आला.

आपल्या अंगठ्याच्या मोज्यांची जुनी गोष्ट

चपलेत घालता यावेत म्हणून अंगठा वेगळा असलेले मोजे आपल्या बायका घालतात. पोरी त्यांना हसतात. पण लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले चौथ्या-पाचव्या शतकाच्या सुमाराचे लाल लोकरी मोजे आहेत आणि त्यांचाही अंगठा वेगळा आहे, चपलेच्या पट्ट्यासाठी. आज आपण ज्या पद्धतीने विणतो त्या पद्धतीचे अगदी जुने नमुनेही इजिप्तमध्येच मिळाले. ते आहेत मध्ययुगातले सुती मोजे, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे. म्हणजे मोजा हा काही फक्त बर्फाच्या मुलखाचा पोशाख नाही, गरम देशानेही त्याची घडी बसवली आहे. मराठीतला "मोजा" हा शब्द तर थेट फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ चामड्याचा उंच बूट. शब्द तोच राहिला, चामडे जाऊन सूत आले.

बायकांच्या मोज्यांबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. परद्यासाठी पाय झाकायचा तर तो झाकला गेला पाहिजे. ज्यातून कातडी दिसते असा पातळ काळा नायलॉन ना परद्याचे काम करतो, ना घामाचे. आणि काळा रंग उन्हात जास्त तापतो. राखी, बदामी, फिकट रंगाचा दाट विणीचा सुती मोजा पाय जास्त झाकतो आणि कमी तापतो. अंगठ्याचा मोजा घेताना अंगठा आणि बोटामधली शिवण आवर्जून पाहावी, चपलेचा पट्टा नेमका तिथेच घासतो.

हजला निघालेल्या बहिणींनीही हे लक्षात ठेवावे. एहराममध्ये पुरुषांना मोजे घालता येत नाहीत, स्त्रियांना येतात. २०२४ साली हज जूनमध्ये आला आणि मक्केत पारा ५० च्या वर गेला होता. सामानात नवे मोजे न ठेवता महिनाभर आधी वापरून, धुऊन पायाला सवय झालेले फिकट सुती मोजे ठेवावेत. नव्या मोज्याची परीक्षा तिथे घेऊ नये.

अम्मींचे बोट

आता आमची चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी ईदला आम्ही अम्मींना मोज्यांचे पाकीट दिले. सहा जोड्या, काळे, चमकदार, गच्च पट्ट्याचे. पायाला भेगा होत्या आणि त्यांना ते आवडलेही. अम्मींना पंधरा वर्षांपासून शुगर आहे. शुगरने पायाची जाणीव हळूहळू कमी होते, हे आम्ही वाचलेले होते, दुसऱ्यांना सांगितलेलेही होते. आपल्याच अम्मीच्या पायाला ते लागू आहे, एवढे मात्र सुचले नाही.

त्या मोज्याच्या शिवणीने करंगळीशेजारच्या बोटाला घासून फोड आला. अम्मींना कळले नाही. फोड फुटला, पाणी वाहिले, काळ्या मोज्यावर डाग दिसला नाही. बूट नव्हता, नुसते घरात घालायचे मोजे, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. आठ-दहा दिवसांनी मोजे धुताना एक मोजा कडक लागला, तेव्हा आम्ही पाय पाहिला. डॉक्टरांनी पाहताक्षणी विचारले, "इतके दिवस काय करत होता?" त्यांना द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हते. जखम भरायला चार महिने लागले. बोट वाचले, अल्हम्दुलिल्लाह. पण त्या वर्षीचा रमजान अम्मींनी पलंगावर बसून काढला, आणि तरावीहच्या वेळी दाराकडे पाहत बसलेल्या अम्मी आम्हाला अजून आठवतात.

डॉक्टरांनी तेव्हा जे सांगितले ते आमच्या घरात कपाटाच्या दाराला चिकटवले आहे. ज्यांच्या घरी शुगरचे माणूस आहे त्यांनीही चिकटवावे.

मोजे पांढरे किंवा अगदी फिकट रंगाचे घ्यावेत. रक्त किंवा पाणी आले तर डाग लगेच दिसतो. पांढरा मोजा मळतो म्हणून आपण टाळतो, पण शुगरच्या माणसासाठी मळणे हाच त्याचा गुण आहे.

शिवण बारीक असावी. नसेल तर मोजा उलटा घालावा, दिसायला कसेही दिसो.

वरचा पट्टा सैल असावा. आवळलेला पट्टा रक्ताला अडवतो.

रफू केलेला, भोक पडलेला, आत गोळे झालेला मोजा शुगरच्या माणसाला देऊ नये.

मोजा घालण्याआधी आणि काढल्यावर पाय वरून, खालून आणि बोटांच्या मधून पाहावा. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी आरसा खाली ठेवावा किंवा घरातल्या कोणी पाहावा. बारीकशी जखम दिसली तरी घरगुती लेप न लावता डॉक्टर गाठावा.

आणि उन्हाळ्यात अनवाणी चालू नये, तापलेल्या फरशीवर तर मुळीच नाही. ज्या पायाला चटका कळत नाही, तो पाय भाजतो.

आता रोज इशानंतर आम्ही अम्मींचे पाय मांडीवर घेतो, बॅटरी लावून बोटे पाहतो. अम्मी संकोचतात. "बस कर, पाँव पकड़ के गुनहगार नको करू," म्हणतात. आम्ही पाहतच राहतो.

धुणे आणि वाळवणे

चांगला मोजाही वाईट धुतला तर बिघडतो. मोजे उलटे करून धुवावेत, कारण घाम आणि मेलेली कातडी आतल्या बाजूला असते. वासाचे, मऊ करणारे जे द्रावण मिळते ते मोज्यांना लावू नये. त्याचा थर धाग्यावर बसतो आणि मोजा घाम प्यायचे विसरतो. सूर्यप्रकाशात उलटेच वाळवावेत. चिमटा पट्ट्याला न लावता चवड्याकडे लावावा, म्हणजे इलास्टिक ताणत नाही. कोणाच्या पायाला चिखल्या असतील तर त्याचे मोजे आणि पाय पुसायचा रुमाल वेगळा ठेवावा.

मोज्याबरोबर बूटही वाळले पाहिजेत. रात्री बुटात जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवले की ओल कागदात जाते, आणि सकाळी ते काढून टाकावेत. सुटीच्या दिवशी बूट जीभ वर करून उन्हात ठेवावेत. ओल्या बुटात कोरडा मोजा घालणे म्हणजे ओल्या सतरंजीवर कोरडी चादर अंथरणे.

एकाला किती जोड्या? शाळकरी मुलाला किमान तीन: एक पायात, एक दोरीवर, एक कपाटात. एक महागडी जोडी घेण्यापेक्षा मध्यम प्रतीच्या तीन बऱ्या. आणि सगळ्या एकाच रंगाच्या घेतल्या तर आमच्या डब्यासारखी अवस्था होत नाही. एक हरवला तरी उरलेले एकमेकांचे जोडीदार होतात.

त्या मुलाचे पुढे काय झाले

शिक्षकांच्या बैठकीत आम्ही हा विषय काढला. दोघे-तिघे हसले. मग एक सर म्हणाले की त्यांच्या वर्गातही दोन मुली खेळाच्या तासाला बूट काढत नाहीत. मुख्याध्यापकांनी ठरवले की मार्चपासून सुटी लागेपर्यंत मुलांनी बुटाऐवजी सँडल घालून आले तरी चालेल, आणि संगणकाच्या खोलीत अनवाणी आत जायला हरकत नाही. बाहेर नळ आहेच, तिथे पाय पुसायला दोन टॉवेल टांगले. सोलापुरात टॉवेलला काय तोटा!

मोज्यांचा प्रश्न उरला. एकट्या त्या मुलाला मोजे दिले असते तर सगळ्या वर्गाला कारण कळले असते. म्हणून त्या महिन्यात शुद्धलेखनाच्या बक्षिसाला पेनाऐवजी मोजे ठेवले, प्रत्येकी दोन जोड्या, सूत जास्त आणि रात्रीत वाळणारे. पाच मुलांना बक्षीस मिळाले. यात आम्ही काही पक्षपात केला नाही, त्याचे अक्षर खरेच सुरेख आहे.

परवा संगणकाच्या तासाला तो पहिल्या रांगेत बसला होता. डोके दुखते का, हे आम्ही विचारले नाही.

या जुम्माच्या सुटीत किंवा रविवारी आपल्या घरातला मोज्यांचा डबा एकदा उपडा करा. पट्टे ताणून पाहा, शिवणींवरून बोट फिरवा, आणि घरातल्या थोरांचे पाय एकदा हातात घेऊन उजेडात पाहा. अल्लाह सर्वांचे पाय सलामत ठेवो. पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू, इन्शाअल्लाह.